रूटला नाव नसतं

दोन आठवडे रनाळ्याला घरी होतो. ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन पुण्यातल्या एका सर्व्हरशी झटापट चालली होती. शेजारचे आबा आले, थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "काय करी ऱ्हायना भाऊ?" म्हटलं, "आबा, एका मशीनवर रूट म्हणून जाणं बंद करतोय." आबांना वाटलं एसटीचा रूट बंद होतोय! आधीच नंदुरबार-दोंडाईचा गाड्यांचे हाल, त्यात हा दिवटा आणखी एक रूट बंद करतोय म्हटल्यावर ते जरा रागावलेच :-)

मग समजावून सांगावं लागलं. आणि समजावता समजावता लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं मी हा मुद्दा लोकांना चुकीच्या बाजूने सांगत आलोय. म्हणून आजचा हा लेख.

ज्यांचा या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लिनक्स सर्व्हरवर 'रूट' नावाचा एक वापरकर्ता असतो. त्याला सगळं करता येतं. कुठलीही फाईल वाचता, बदलता, उडवता येते. त्याला कोणी 'नाही' म्हणत नाही. सर्व्हर असतो मुंबईत नाहीतर सिंगापुरात, आणि आपण असतो घरी, त्यामुळे लांबूनच आत शिरावं लागतं. त्यासाठीचं साधन म्हणजे एसएसएच. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर कान लावून लोकांचे पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्याच टाटू यलोनेन यांनी हा प्रोटोकॉल लिहिला. त्याआधी टेलनेट वापरायचे, त्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडाच जायचा. एसएसएचने पोस्टकार्डाचं बंद पाकीट केलं. आज आपण जे ओपन-एसएसएच वापरतो ते 1999 मध्ये ओपन-बीएसडीच्या मंडळींनी आणलं.

पाकीट तर बंद झालं. पण पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काय लिहायचं? तिथे आपण सगळे मिळून लिहितो: 'रूट'.

रूटने थेट लॉगिन करू नये, हे प्रत्येक पुस्तकात असतं. कारण दिलं जातं ते हॅकरचं. ते खोटं नाही. सार्वजनिक पत्ता असलेला कुठलाही नवा सर्व्हर चालू करा आणि चहा प्यायला जा. परत येईपर्यंत लॉगमध्ये कोणीतरी दार वाजवून गेल्याच्या खुणा दिसायला लागतात. रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल... रूट हे नाव जगातल्या प्रत्येक लिनक्स मशीनवर असतं, म्हणजे चोराला नाव शोधायचं कामच उरत नाही, फक्त पासवर्ड ओळखायचा. ओपन-एसएसएचवाल्यांनीही ऑगस्ट 2015 मध्ये 7.0 आवृत्तीत रूटला नुसत्या पासवर्डने आत घेणं डिफॉल्ट म्हणून बंद केलं. म्हणजे हा प्रश्न मोठ्या मंडळींनी कधीच सोडवलाय. मग मी कशाला लिहितोय?

कारण माझ्या मते हॅकर हे दुसरं कारण आहे. पहिलं कारण वेगळं आहे, आणि ते मला शिकायला एका मुलाची नोकरी जावी लागली.

2016 ची दिवाळी. मी तेव्हा आमच्या भागातल्या एका संस्थेचा छोटासा सर्व्हर सांभाळायचो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे ओल्या लाल मिरचीचा हंगाम. नंदुरबारच्या बाहेर पथारींवर मिरची वाळत पडलेली असते, नुसतं रस्त्याने गेलं तरी नाक झोंबतं. त्या सर्व्हरवर वजनाच्या पावत्या आणि शेतकऱ्यांचं देणं, एवढाच हिशेब होता. रूटचा पासवर्ड तिघांकडे: मी, संस्थेतला ऑपरेटर (जवळच्याच गावचा, नुकताच बी.एस्सी. झालेला मुलगा), आणि हार्डवेअर पुरवणारा एकजण. पासवर्ड एका वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला होता. हसू नका, तुमच्याकडेही आहे.

एका संध्याकाळी तीन दिवसांच्या पावत्या गायब. टेबलच रिकामं. बॅकअप आठवड्याचा, म्हणजे उपयोग शून्य.

लॉग काढला. रात्री आठ ते नऊच्या दरम्यान रूट तीनदा आत आलेला. तिन्ही वेळा पत्ता एकाच मोबाईल कंपनीचा. आता मोबाईल इंटरनेटची गंमत अशी की हजारो गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे पत्त्यावरून माणूस ओळखणं म्हणजे 'दोंडाईच्याकडून आला' एवढ्यावरून माणूस ओळखण्यासारखं. माझं डोंगलही त्याच कंपनीचं, त्या मुलाचा फोनही त्याच कंपनीचा. त्यातली दोन सेशन तर एकाच वेळी उघडी होती. कमांडची हिस्टरी बघावी म्हटलं, तर बॅशची सवय अशी की दोन सेशन एकदम चालू असली तर जे नंतर बंद होतं ते आपली हिस्टरी आधीच्यावर लिहून टाकतं. वेळ तर डिफॉल्टने नोंदवलीच जात नाही.

म्हणजे लॉगमध्ये काय होतं? रूट आला. रूट गेला. कोण रूट? ते लॉगला माहीत नाही, कारण आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

माणसं मग आपल्या पद्धतीने निकाल लावतात. मी 'पुण्याचा इंजिनियर', पुरवठादार 'मोठी पार्टी', उरला कोण? मला विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "मी तर टेस्ट सर्व्हरवर काम करत होतो." तो मुलगा एवढंच म्हणत राहिला, "मी काहीच करं नही, दादा. तठे मन्हं नाव कोठे शे?" तिथे माझं नाव कुठे आहे? बरोबर होतं त्याचं. त्याचं नाव तिथे नव्हतं. पण माझंही नव्हतं. आणि ज्याच्या बाजूने कोणी बोलणारं नसतं, त्याला 'नाव नसणं' वाचवत नाही, ते त्याच्यावरच येतं.

शेतकऱ्यांकडच्या कागदी पावत्या गोळा करून आठ दिवसांत हिशेब पुन्हा उभा राहिला. पैसा कोणाचा बुडाला नाही. मुलाला मात्र 'पुढच्या महिन्यापासून येऊ नको' सांगितलं गेलं. तो सुरतेला गेला.

दीड वर्षाने मी लॅपटॉप बदलला. जुन्या फाईली हलवताना पुट्टीची एक लॉग फाईल सापडली. कधीतरी सेशन लॉगिंग चालू करून ठेवलं होतं आणि विसरलो होतो. उघडली. दिवाळीतली ती संध्याकाळ. डोंगल तुटलं होतं, मी पुन्हा जोडलं होतं, आणि यादीतून टेस्टच्या ऐवजी खऱ्या सर्व्हरची ओळ निवडली होती. दोन्ही मशीनचा प्रॉम्प्ट हुबेहूब सारखा: रूट ॲट लोकलहोस्ट. टेबल रिकामं करायची कमांड मी दिली होती. पुढच्याच मिनिटाला डोंगल पुन्हा तुटलं, तेवढ्यात पाहुणे आले, मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी टेस्टवर जाऊन तीच कमांड दिली आणि काम झालं म्हणून खूश झालो.

संस्थेला पत्र लिहिलं. त्या मुलाला फोन केला. त्याबद्दल इथे फार लिहिणार नाही. तो चांगला वागला, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगला. पण त्याची ती दीड वर्षं मी परत देऊ शकत नाही.

असो.

तर माझं म्हणणं हे आहे: रूटचं थेट लॉगिन बंद करा ते चोर पकडण्यासाठी नंतर, आधी साव सुटण्यासाठी. प्रत्येकाला आपलं स्वतःचं नाव द्या, म्हणजे जो निर्दोष आहे त्याला 'तिथे माझं नाव नाही' असं ठामपणे म्हणता येईल आणि जो चुकला (उदाहरणार्थ, प्रस्तुत लेखक) त्याला त्याच संध्याकाळी कळेल.

यात नवीन काहीच नाही. सातबाऱ्याचंच घ्या. फेरफाराची नोंद तलाठी घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. ज्याने लिहिलं तो वेगळा, ज्याने मंजूर केलं तो वेगळा, आणि दोघांची खूण कागदावर. 'महसूल खाते' अशी एकच मोघम सही चालेल का? जमिनीच्या बाबतीत ज्या गोष्टीवरून आपण कोर्टात जाऊ, ती गोष्ट सर्व्हरच्या बाबतीत आपण रोज करतो. आणखी एक गंमत म्हणजे देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात दिला गेला, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. माणसागणिक वेगळी ओळख हवी, ही कल्पना ज्या जिल्ह्यातून देशभर गेली, त्याच जिल्ह्यात सहा वर्षांनी आम्ही तिघं एका नावाने वावरत होतो!

आता आक्षेप. माझे मित्र हुशार आहेत, ते लगेच म्हणतात, "अरे, पासवर्ड बंद कर, प्रत्येकाला वेगळी किल्ली दे आणि रूटनेच जाऊ दे. सर्व्हर किल्लीचा ठसा लॉगमध्ये लिहितोच की." बरोबर आहे. हे पुठ्ठ्यावरच्या पासवर्डपेक्षा शंभरपट बरं. पण त्याने फक्त दारातून कोण आलं ते कळतं. आत गेल्यावर दोन रूट एकत्र फिरत असतील तर हंडी कोणी फोडली ते कळत नाही. माझ्या प्रकरणात नेमकं हेच झालं असतं. स्वतःच्या नावाने आत जाऊन गरजेपुरतं 'सुडो' वापरलं की प्रत्येक कमांडपुढे नाव लागतं. शिवाय लिनक्सची ऑडिट यंत्रणा चालू असेल तर तुम्ही मूळ कोण म्हणून आत आलात तो क्रमांक सुडो करूनही तुमच्या मागे चिकटून राहतो. थेट रूट म्हणून आलात तर तो क्रमांक शून्य. शून्य म्हणजे कोणीच नाही.

दुसरा आक्षेप: "आत गेल्यावर लोक सुडो करून रूटचं शेलच उघडून बसतात, मग काय उपयोग?" हो, बसतात. मीही बसतो. तिथे सुडोच्या लॉगमध्ये 'शेल उघडलं' एवढीच एक ओळ राहते. म्हणूनच ऑडिट हवं. पण त्या एका ओळीतही नाव आणि वेळ असते, आणि तेवढंही आमच्याकडे नव्हतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा: रूट झालेला माणूस लॉग पुसू शकतो. म्हणून लॉग त्याच मशीनवर ठेवू नयेत. एक छोटं दुसरं मशीन घ्या आणि लॉगची प्रत लगेच तिकडे जाऊ द्या. आपल्या सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे असतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना 6 तासांत कळवायच्या असतात. पण त्या 180 दिवसांत प्रत्येक ओळीला 'रूट, रूट, रूट' असेल तर ते लॉग जपणं म्हणजे रामनामाची वही जपणं. पुण्य लागेल, माहिती मिळणार नाही.

आणि मोठ्या चोऱ्या? त्याही आपल्याकडे झाल्यात. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी. आणि 13 ऑगस्टला स्विफ्टमार्गे हाँगकाँगला 13.92 कोटी. सगळे मिळून 94 कोटींच्या घरात. एटीएमकडून येणारा 'पैसे देऊ का?' हा प्रश्न बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हता, मधलीच बनावट यंत्रणा 'हो, दे' म्हणत होती. मधल्या मशीनवर एकदा अधिकार मिळाला की ते मशीन काय बोलतं ते तुम्ही ठरवता. 'सगळं करता येणं' म्हणजे काय, ते यावरून कळावं.

बरं, मग करायचं काय? या वीकेंडला एक तास काढा. क्रम मात्र पाळा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

आधी प्रत्येक माणसाचं वेगळं खातं काढा आणि ज्याला खरंच लागतं त्यालाच सुडो द्या. मग प्रत्येकाने आपल्याच लॅपटॉपवर किल्ल्यांची जोडी बनवायची, प्रकार ईडी-25519. यातली सार्वजनिक किल्ली म्हणजे खरं तर कुलूप आहे, ते खुशाल कोणालाही द्या. खाजगी किल्ली आपल्या लॅपटॉपच्या बाहेर जाता कामा नये, ईमेलने नाही, व्हॉट्सॲपने तर नाहीच. आणि तिला पासफ्रेझ लावा. बिनपासफ्रेझची किल्ली म्हणजे पायरीवरच्या कुंडीखाली ठेवलेली किल्ली.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला ठसा दाखवून 'हाच का?' म्हणून विचारतो. आपण सगळे न वाचता 'येस' ठोकतो. तसं करू नका. होस्टिंगवाल्याच्या कन्सोलवरून तो ठसा आधी लिहून घ्या आणि जुळवून बघा. तुम्ही कोण हे सर्व्हरला कळण्याइतकंच सर्व्हर कोण हे तुम्हाला कळणं महत्त्वाचं आहे.

आता एक खिडकी उघडी ठेवा. दुसऱ्या खिडकीतून नव्या खात्याने, किल्लीने आत जा आणि सुडो चालतंय का बघा. चाललं, तरच सेटिंग बदला: रूट लॉगिन 'नो', पासवर्डने लॉगिन 'नो'. फाईलमध्ये चूक नाही ना हे तपासायची सोय एसएसएचच्या सर्व्हरमध्येच आहे, ती वापरा, मगच रीलोड करा. इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. उबंटू-डेबियनवर मुख्य फाईलशेजारी छोट्या तुकडा-फाईलींचं एक फोल्डर असतं. ते आधी वाचलं जातं आणि जे आधी वाचलं तेच खरं मानलं जातं. तिथे क्लाउडवाल्याने पासवर्ड 'येस' करून ठेवला असेल तर तुमचं 'नो' नुसतं शोभेचं. म्हणून फाईल बघून समाधान मानू नका, सर्व्हरला मोठ्या टी-च्या पर्यायाने विचारा की बाबा रे, तू प्रत्यक्षात काय पाळतोयस.

मग तिसऱ्या खिडकीतून रूट म्हणून जाऊन बघा. नकार मिळाला की पहिली खिडकी बंद करा. आधी नाही!

अडीनडीसाठी रूटचा एक लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, सही करून तिजोरीत ठेवा. तो फक्त होस्टिंगच्या कन्सोलवरून चालेल, बाहेरून नाही. पाकीट फुटलेलं दिसलं की कोणी आणि का फोडलं ते विचारायचं.

आणि हो, प्रॉम्प्टला मशीनचं खरं नाव द्या, खऱ्या सर्व्हरचा रंग लाल करा. दोन मिनिटांचं काम आहे. 2016 मध्ये मी ती दोन मिनिटं काढली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

एवढं करून तुम्ही निर्धास्त होता का? नाही. 29 मार्च 2024 ला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरने जगाला सांगितलं की एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत कोणीतरी चोरदार पेरलंय, आणि ते एसएसएचच्या दारातच उघडतं. त्यांना संशय आला तो लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून! त्या चोरदारापुढे तुमचं रूट 'नो' काही कामाचं नव्हतं. म्हणून जमेल तिथे एसएसएचचं दार सगळ्या जगाला उघडं ठेवूच नका, व्हीपीएनच्या आत घ्या. कुलूप कितीही चांगलं असलं तरी कुलूपही माणसानेच केलेलं असतं.

आबांना यातलं शेवटचं तेवढं लगेच पटलं. आणि मुलाची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, सही ज्याची त्याने करायला पाहिजे, दुसऱ्याच्या अंगठ्यावर कारभार करू नये.

माझा दीड-दोन हजार शब्दांचा लेख त्यांनी एका ओळीत संपवला. तुमच्याकडे अजून पुठ्ठ्यावर पासवर्ड असेल तर आजचा शनिवार मोकळा आहे.